मजकूर नव्हे, मागणी वाचा

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल येते. पाठवणारा नंबर भावकीतलाच. हप्ता जमा झाला का ते पाहावं म्हणून माणूस ती उघडतो, फोन मागेल त्या परवानग्या देत जातो आणि थोड्याच वेळात खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज येऊ लागतात. ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, बँकेची ‘केवायसी’ अशी नावं घेऊनही या फायली महाराष्ट्रभर फिरल्या आहेत.

मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीत सायबर सुरक्षा शिकवतो. विद्यापीठ, अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे असल्यामुळे कंधार, लोहा, मुखेडकडची मुलं वसतिगृहांत राहतात. घरी आलेला संशयास्पद मेसेज आईवडील त्यांना पाठवतात आणि मुलं तो माझ्याकडे आणतात. ‘सर, हे खरं आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या कामी यावं, म्हणून हा लेख.

आधी त्या फाइलचं. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर तो फोटो नाही की कागद नाही. ते ॲप आहे. ते फोनमध्ये बसलं की एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. ती मिळाली की तुम्ही कुणालाही न सांगता ओटीपी चोराकडे पोचतो. मग तुमच्याच नंबरवरून तीच फाइल तुमच्या ग्रुपवर जाऊ शकते. म्हणून ओळखीचा नंबर हा पुरावा धरू नका. पाठवणारा बहुधा आधी फसलेला असतो.

पूर्वी असे मेसेज मोडक्यातोडक्या मराठीमुळे ओळखू यायचे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता शुद्ध मराठी लिहून देते. म्हणून मजकुरापेक्षा मागणी तपासा. लिंक उघडा, फाइल टाका, ओटीपी किंवा पिन सांगा, स्क्रीन दाखवा: यांपैकी एक मागणी आणि सोबत घाई दिसली की तिथेच थांबा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

घाईला खऱ्या बातमीचा आधार असतो, हे विशेष लक्षात ठेवा. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ असे मेसेज 2022 मध्ये घरोघरी आले. थकबाकीची धास्ती खरी होती, नंबर चोराचा होता. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि पाठोपाठ बनावट संकेतस्थळं निघाली. योजना खरी, मुदत खरी. खोटा होता तो फक्त पत्ता.

पत्ता शेवटाकडून वाचावा. सुरुवातीच्या ‘https://’नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेआधी शेवटी काय आहे ते पाहा. महाराष्ट्र शासनाच्या या योजनेचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो. हेच शब्द मधे घालून पुढे दुसरंच काही जोडलेलं असेल, तर ते संकेतस्थळ बनावट. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घेण्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली होती. तरी उत्तम सवय एकच: मेसेजमधली लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाका. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकण्याची परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये बंद ठेवा.

आणि फसलातच तर? फोनचं इंटरनेट लगेच बंद करा. दुसऱ्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, बँकेला कळवा. चोरलेले पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून झपाट्याने पुढे सरकतात. वेळेत तक्रार झाली तर ते वाटेतच गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमांनुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं; त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतींत लवकर बोलणं फायद्याचं.

पण लोक बोलत नाहीत. घरचे रागावतील, गाव हसेल, या लाजेपोटी दोन दिवस जातात आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर गेलेले असतात. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे: घरात कुणी फसलं तर त्याला बोल लावू नका. आधी 1930 लावून द्या.