थंडीने उचललेला ओटा

जमीन फुगते, हे सौंदत्ती-बैलहोंगलकडच्या काळ्या रानात घर बांधलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पावसात ती माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींनाही भेगा पाडते. पण थंडीनेही जमीन वर उठते, हे मी प्रथम लेकीकडून ऐकले.

ती अमेरिकेत, मिनेसोटात असते. तिथे त्यांनी एक जुने घर घेतले. पहिल्याच जानेवारीत मागच्या दारापुढचा ओटा वर आला आणि बाहेर उघडणारे दार त्याला अडू लागले. एप्रिलमध्ये ओटा खाली बसला, पण एका कोपऱ्यावर कलून. "बाबा, रात्री आग लागली तर मुलांना घेऊन पळायचं कुठून?" या प्रश्नाने माझी झोप उडाली. हाताशी भूगोलातली एम. ए. होती, पुस्तके धुंडाळू लागलो.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, म्हणून जमीन उठत असेल, असे कोणालाही वाटेल. स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने 1929-30 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी निराळेच दाखवले. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातले. बेंझीन गोठताना आकसते. तरीही माती उठलीच! खरी गोष्ट अशी, की वात तेल ओढते तसा गोठणारा थर खालच्या ओलीतून पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. यासाठी थंडी, पाणी आणि बारीक माती तिन्ही एकत्र यावी लागतात. जाड वाळूत पाणी वर चढत नाही. चिकणमातीत चढते, पण फार सावकाश. गाळाची माती सर्वांत वाईट.

म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. मिनेसोटाच्या दक्षिण भागात 42 इंच आणि उत्तरेत 60 इंच खोलीचा नियम आहे. पण नुसती खोली पुरत नाही. गोठलेली माती खांबाच्या अंगाला चिकटते आणि दाढ उपटावी तसा त्याला वर खेचते. तेव्हा खांब तळाशी रुंद हवा, अंगाने गुळगुळीत हवा आणि भोवती खडी हवी. नॉर्वे-स्वीडनकडे आणखी एक युक्ती वापरतात. पाया उथळच ठेवून त्याच्या भोवती थर्मोकोलच्या जातीचे, पण घट्ट फळे पुरतात. घरातली ऊब पायाखालच्या मातीत टिकते आणि ती गोठत नाही. मात्र घर हिवाळाभर बंद, थंड ठेवले, तर तेवढ्या फळ्यांनी भागेलच असे नाही. घराचा पाया आत राहणाऱ्या माणसांच्या भरवशावर उभा असावा, ही कल्पना मला फारच आवडली.

ओट्याला मात्र ही ऊब कुठून मिळणार? तिथल्या एका मिस्त्रीने दाराचा खालचा काठ तासून घ्या, असा सल्ला दिला. मिस्त्री सगळीकडे सारखेच! जावईबापूंनी तो मानला नाही. सप्टेंबरमध्ये जुना ओटा फोडला, 42 इंचांच्याही खाली रुंद तळाचे खांब घातले आणि खडी भरली. खर्च ऐकून मी गप्प बसलो. फक्त एक विचारले, छपराचे पाणी कुठे पडते? ते ओट्याच्या कोपऱ्यातच पडत होते. आता त्याची पन्हळ लांब, बागेच्या उताराकडे नेली आहे.