क्लच सुटतो तेव्हा

माणसाच्या दुखण्यांत जशी 'कुठे काही दिसत नाही, पण अंगात जोर नाही' अशी एक जात असते, तशी ती फटफटीच्या दुखण्यांतही असते. चाक पंक्चर झाले तर ते बसते. प्लग गेला तर इंजिन फुरफुरून गप्प होते. रोग आपले नाव सांगून मोकळा होतो. क्लच सुटू लागला की तसे होत नाही. इंजिन चालू असते, नेहमीपेक्षा जोरानेच ओरडत असते, आणि गाडी मात्र कचेरीतल्या फायलीसारखी सावकाश पुढे सरकते. सपाटीवर हे ध्यानातही येत नाही. चढ लागला, वरचा गिअर असला आणि मूठ पिळली की कळते: आवाज वाढला, वेग नाही.

माझी बुलेट वाईहून पाचगणीला चढताना पसरणीच्या घाटात अशी ओरडू लागली, तेव्हा क्लचच्या नव्या प्लेटा टाकून तीन आठवडेही झाले नव्हते. गाडी १९८१ सालची. मद्रासला एनफील्डचा कारखाना १९५५ साली निघाला, त्या काळच्या घडणीचीच. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. हल्लीच्या गाड्या चालवणारा कोणी ही मागून नेलीच, तर पहिल्या वळणावर ब्रेक म्हणून गिअर दाबतो आणि दुसऱ्यांदा मागायला येत नाही. जुनी गाडी बाळगण्याचा हा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही.

क्लच म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या चार ओळी खुशाल सोडाव्यात. एकावर एक पापड रचावेत तशा यात प्लेटा रचलेल्या असतात. एक पोलादी, एक खरखरीत, पुन्हा एक पोलादी. वरून स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात आणि त्या दाबावरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. डाव्या हातातला दांडा ओढला की केबल ताणली जाते, गिअरबॉक्सच्या दांड्यातून आरपार गेलेली एक बारीक सळई पुढे सरकते आणि वरचे झाकण उचलते. दाब सुटतो, प्लेटा मोकळ्या होतात. दांडा सोडला की सळईने झाकणापासून दूर व्हायला हवे. मुकाट्याने, पूर्ण दूर.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "प्लेटा जळल्या. ह्यानंच बसवताना घाण केलीय." 'हा' म्हणजे त्यांच्या हाताखाली वैशाखात आलेला, ओठांवर नुकती कुठे मिसरूड फुटलेला पोऱ्या. माझ्या प्लेटा त्यानेच बसवल्या होत्या. मिस्त्रींनी वही काढली आणि प्लेटांचे अन् तेलाचे पैसे त्याच्या नावावर मांडलेसुद्धा. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. पोऱ्या काही बोलला नाही. हातातला पाना पुसत राहिला.

पहिला संशय तेलावर. यात अर्थ होता. मोटारीच्या तेलांत हल्ली घर्षण कमी करणारी द्रव्ये घालतात. इंजिनाला ती मानवतात, पण तेलात बुडून फिरणाऱ्या प्लेटा त्यांनी निसरड्या होतात. म्हणून मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' ही अक्षरे पाहून घ्यायची. पोऱ्याने कोपऱ्यातून रिकामा डबा शोधून आणला. अक्षरे होती. मिस्त्री म्हणाले, "मग बसवण्यातच चूक. खोला."

खोलायचे म्हणजे डावा पायटा काढा, चेनकेसच्या मधला मोठा नट सोडा, तेल परातीत काढा. अर्धा दिवस गेला. पोऱ्याने पायटा काढण्याआधी सहज किक मारली. किक पोकळ गेली; पाय खाली गेला, इंजिन फिरले नाही. या गाडीत किकचा जोरही क्लचमधूनच इंजिनाला जातो, तेव्हा ती पोकळ जाणे म्हणजे प्लेटा निवांत उभ्या असतानाही धरत नाहीत. मग त्याने डाव्या मुठीवरचा दांडा अंगठ्याने हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "सर, ह्याला प्लेच न्हाय."

ओढ लागण्याआधी दांडा थोडा मोकळा हलला पाहिजे, त्याच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. इथे तो सतारीच्या तारेसारखा ताणलेला! म्हणजे सळई चोवीस तास झाकणाला टेकलेली आणि स्प्रिंगांचा अर्धा जोर तिच्याशीच भांडण्यात खर्च होणारा.

केबल ताणली होती ती खुद्द मिस्त्रींनी. गाडी ताब्यात देताना "दांडा लोंबतोय" म्हणून त्यांनी नट फिरवला होता, हे मी समोर उभा राहून पाहिले होते. त्या दिवशी गाडी झकास चालली. गोम अशी, की क्लच हा ब्रेकच्या उलट वागतो. ब्रेक झिजला की दांडा सैल होतो. क्लचच्या प्लेटा झिजल्या की झाकण आत बसते, सळईच्या जवळ येते आणि दांडा ताठ होतो. नव्या प्लेटा पहिल्या काही दिवसांत एकमेकींवर बसताना केसभर पातळ होतातच. होती नव्हती ती फट त्यात संपली. पोऱ्याच्या बसवण्याशी याचा काही संबंध नव्हता.

मी म्हणालो, "मिस्त्री, खोलण्याआधी मला दहा मिनिटं द्या." ते पानाच्या टपरीकडे गेले. याचा अर्थ होकार असावा असे आम्ही धरले. पोऱ्याने आधी केबल पार सैल सोडली. मग गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाचे छोटे झाकण काढून आतला स्क्रू मागे घेतला, पुन्हा बोटाने अलगद टेकेपर्यंत आणला, थोडा परत फिरवला आणि नट आवळून पक्का केला. शेवटी मुठीपाशी बेताची फट ठेवली. किक मारली. ती घट्ट लागली आणि इंजिन बोलू लागले.

मिस्त्री परत आले ते सरळ गाडीवरच बसले आणि घाटाकडे गेले. वीस मिनिटांनी आले, गाडी स्टँडला लावली, दांडा दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "घेऊन जा."

"आणि वहीतलं?"

त्यांनी वही उघडली. प्लेटांच्या आकड्यावर आडवी रेघ मारली. तेलाचा आकडा तसाच ठेवला. त्यावरून आमची आणखी दहा मिनिटे घासाघीस झाली. शेवटी तेल माझ्या बिलात आले. पोऱ्या तोवर शेजारच्या स्कूटरचे चाक काढून बसला होता.