आधी घर, मग तात्या

‘‘सरडा? पाळायला? अगं, पाल दिसली की पलंगावर चढायचीस तू!’’ ही फोनवर आईची पहिली रिअ‍ॅक्शन. दुसरी त्याहून भारी. ‘‘तुझ्या वयाच्या मुली घरात नवरा आणतात.’’

बॅकग्राउंड असं, की मी फ्रीलान्सर. कोथरूडमध्ये भाड्याचं वन आरके. रूममेट लग्न करून बंगळुरूला गेली आणि दिवसभर लॅपटॉपशी बोलून माझं डोकं फिरायची वेळ आली. घरमालकीण काकूंची अट क्लिअर होती : कुत्रं नाही, मांजर नाही. सरड्याचा उल्लेख करारात नव्हता. तरी विचारलं. काकू म्हणाल्या, ‘‘भुंकत नाही ना? मग ठेव.’’

एका मित्राकडे व्हेल्ड शॅमेलिऑन पाहिला होता. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा. डोक्यावर शिरस्त्राणासारखा तुरा, दोन डोळे दोन दिशांना आणि चाल एकदम विचारात पडल्यासारखी. मी फुल फिदा!

आणि पहिली चूक केली. काही न वाचता थेट दुकान गाठलं. दुकानदारानं काउंटरखालून बुटांचं खोकं काढलं. आत काळा पडलेला, डोळे खोल गेलेला एक जीव. ‘‘ओरिजिनल शॅमेलिऑन, मॅडम. तुम्हाला आठशेला देतो.’’ ओरिजिनल होताच तो. आपल्याकडचा घोयरा सरडा, रानातून उचललेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं, पाळणं, सगळाच गुन्हा. हे मला माहीत होतं. तरी हात पर्सकडे गेला, खोटं कशाला सांगू? वाटलं, आठशे रुपयांत याची सुटका करावी. मग ट्यूब पेटली. आज माझे आठशे मिळाले, की उद्या त्याच खोक्यात दुसरा येणार. बाहेर येऊन वनखात्याला फोन लावला. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तर खोकं नव्हतं. खात्यानं नेलं की गिऱ्हाइकानं, कुणी सांगेना. ते डोळे अजून आठवतात.

त्या दिवशी ठरवलं, आधी घर, मग पाहुणा.

शॅमेलिऑन झाडावर राहणारा. त्याला लांबीपेक्षा उंची हवी. मोठ्या नरासाठी दोन बाय दोन फुटांचा, चार फूट उंच पिंजरा लागतो. बंद काचेच्या टाकीत हवा कोंडते, शिवाय काचेत स्वतःला पाहिलं की त्याला वाटतं दुसरा नर घुसला! म्हणून जाळीच बरी. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरला स्केच दिलं. ‘‘लव्हबर्ड्सना का, मॅडम?’’ ‘‘नाही, सरड्याला.’’ तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘मग फटी बारीक ठेवतो.’’

आत जास्वंदीची कुंडी, मनी प्लांट आणि आडव्यातिडव्या फांद्या. वर एक बल्ब. त्याच्या खालच्या फांदीवर साधारण ३० ते ३५ अंश, बाकी पिंजरा थंड. म्हणजे त्याला हवं तेव्हा तापावं, हवं तेव्हा सावलीत जावं. शेजारी यूव्हीबी ट्यूब, कारण ते किरण खिडकीच्या काचेत अडतात आणि त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं वाकतात. पाण्याची वाटी ठेवून उपयोग नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून रोज स्प्रे. जेवण म्हणजे जिवंत रातकिडे, वर कॅल्शियमची पूड भुरभुरून. आणि पिंजरा टेबलावर, कारण वरून झेपावणारं सगळं त्याच्या लेखी शत्रू.

महिनाभर मी रिकाम्या पिंजऱ्याचं टेम्परेचर घेत होते. मित्रांनी यथेच्छ टिंगल केली. पण बल्बच्या फांदीवर पहिल्या दिवशी पारा ४२ वर गेला होता. सरडा आधी आणला असता तर?

मग निवड. पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्यायचा, तीन महिन्यांपेक्षा लहान नाही. दिवसा डोळे टक्क उघडे, पाय सरळ, फांदीवरची पकड घट्ट. नवख्यानं नर घ्यावा. मादी नराशिवायही अंडी घालते आणि ते सांभाळणं सोपं नाही. या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

तर असे आमचे तात्या आले. दुपारी एक ते चार कुणालाही भाव देत नाहीत, म्हणून हे नाव!

पण खरं सांगू? पहिले पंधरा दिवस मी हिरमुसले होते. शॅमेलिऑन बॅकग्राउंड बघून रंग बदलतो हा गैरसमज. त्याचा रंग बदलतो तो मूड आणि उष्णतेप्रमाणे. मी जवळ गेले की तात्या काळे पडायचे. अगदी त्या खोक्यातल्यासारखे. मला सोबत हवी होती आणि त्याला माझा हातसुद्धा नको होता. मग हात आत घालणंच बंद केलं. स्प्रे, रातकिडे, सफाई, बास. खुर्ची चार फूट लांब ओढून काम करत बसायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा कॉपी संपवून मान वर केली, तर तात्या माझ्याकडे बघत होते. हिरवेगार. एवढंच. पण त्या दिवशी घरात कुणीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं.

नीट सांभाळलं तर हे पाच ते आठ वर्षं चालेल. माझं एकही नातं अजून इतकं टिकलेलं नाही.

मागच्या आठवड्यात आई आली. ‘‘हा तुझ्याकडे येत नाही?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग उपयोग काय त्याचा?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा ती स्प्रेची बाटली घेऊन जास्वंदीवर पाणी मारत होती. तात्या थेंब चाटत होते. एक डोळा तिच्यावर, एक माझ्यावर.