किशनगडच्या भुकटीचा हिशेब

जयपूरहून अजमेरकडे जाताना महामार्गावर किशनगड लागते. चित्ररसिकांना हे गाव ‘बणी-ठणी’च्या चित्रामुळे परिचित आहे, घर बांधणाऱ्यांना व मंदिरांच्या विश्वस्तांना मात्र ते संगमरवराची पेठ म्हणून ठाऊक असते. रस्त्याच्या दुतर्फा फरशांच्या उभ्या रांगा, प्रचंड ठोकळे उचलणाऱ्या क्रेन आणि पाण्याच्या धारेखाली चालणाऱ्या करवती दिसतात.

ताजमहाल व कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल ज्या दगडाने घडले, त्या मकराण्याच्या खाणी येथून फार दूर नाहीत. पूर्वी तेथे पाथरवट छिन्नी, हातोडा व लोखंडी पाचरी यांच्या साहाय्याने दगड विलग करीत. पुढे सुरुंग आले. काम वेगाने होई, पण चांगल्या दगडालाही तडे जात. आता एकमेकांना मिळणारी दोन छिद्रे पाडून त्यांतून हिऱ्याचे मणी बसविलेली पोलादी तार फिरवितात. ठोकळा सरळ कापला जातो आणि नासाडी घटते. तडकलेल्या फरशीत रेझिन भरून तीही वापरात आणली जाते.

तथापि, करवतीच्या वाटेत आलेला दगड भुकटी होतोच. मागणी पातळ फरशांची असल्याने एका ठोकळ्यावर काप अधिक पडतात आणि भुकटीही वाढते. ती पाण्यात मिसळून दुधासारखा गाळ होतो. पूर्वी तो रस्त्याकडेला व पडीक जमिनीवर ओतला जाई. वाळल्यावर वाऱ्याने उडून तो पिकांवर बसे. मातीची छिद्रे बुजवून पावसाचे पाणी मुरू देत नसे. म्हणून व्यावसायिकांच्या संघटनेने त्यासाठी स्वतंत्र जागा राखली.

आज त्या जागी शुभ्र टेकड्या उभ्या आहेत. खोलगट भागांत निळसर पाणी साचते. राजस्थानात जणू बर्फ पडले, असा भास होतो. विवाहापूर्वीची छायाचित्रे काढण्यासाठी जोडपी येथे दूरदूरहून येतात. दृश्य मोहक खरे. पण हा उद्योगाच्या थकबाकीचाच ढीग आहे.

थकबाकी फेडण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. गाळ यंत्रात दाबून पाणी वेगळे करता येते व तेच पुन्हा करवतीवर वापरता येते. उरलेली भुकटी विटा, फरश्या व सिमेंट यांत मिसळता येते. अडचण खर्चाची आहे. भुकटी जड आणि स्वस्त. दूर नेल्यास तिच्या किमतीपेक्षा वाहतूकच महाग पडते. म्हणून तिचा उपयोग करणारे कारखाने जवळपासच उभे राहणे आवश्यक आहे.

अबूच्या देलवाडा मंदिरांविषयी एक आख्यायिका सांगतात. नक्षीकाम करताना कारागीर जेवढी भुकटी काढीत, तेवढ्या वजनाचे मोल त्यांना मिळे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात भुकटी तोलली जात होती. आज फरशीचा दर चौरस फुटावर ठरतो आणि त्यात भुकटीची नोंद नसते; तिची किंमत शेजारचा शेतकरी व भूजल मोजतात.

मंदिरासाठी वा घरासाठी दगड निवडताना शुभ्रता आणि दर यांची चौकशी सारेच करतात. त्याबरोबर ‘गाळाचे काय करता?’ एवढेही ग्राहकाने विचारले, तर उत्तर देण्यासाठी विक्रेत्याला त्याचा हिशेब ठेवावा लागेल.