आबांच्या बंदुकीबद्दल

भाईंदर (पूर्व)

चि. संतोष यास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. आबांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना तुझ्या नावावर व्हावा, म्हणून वारस या नात्याने माझं ना हरकत पत्र हवं आहे. तुझ्या बाबांची सही झालेली दिसली. माझी मी अजून केलेली नाही. परवाना शेतीसंरक्षणाचा आहे, म्हणून सरळ विचारतो: बंदूक तुला शेतासाठी हवी आहे की पारधीसाठी?

रागावू नकोस. रानडुक्कर काय करतो ते मला ठाऊक आहे. तयार भाताचा कुणगा एका रात्रीत लोळवून टाकतो, सुरण उकरतो, माडाची रोपं मुळासकट उपटतो. माळ्यावर रात्रभर डबे बडवणाऱ्याला प्राणिप्रेम शिकवायला माझी जीभ रेटत नाही. डुकराचं मटण मीही आवडीने खाल्लंय, तेव्हा सोवळं नेसून बोलत नाही.

पण आबांच्या वेळची पारध आठवते. हाकारे रान उठवायचे, कुत्री पुढे, बंदूकवाले वाटा धरून बसलेले. डुक्कर पडला की वाटे पडायचे. बार काढणाऱ्याचा वेगळा, हाकाऱ्यांचे वेगळे, बंदुकीचा वेगळा, कुत्र्यालासुद्धा काहीतरी. पुढे शिमगा सरेपर्यंत त्याच गप्पा, आणि दर गप्पेत डुक्कर थोडा वाढलेला. त्या गप्पांत कुणाचं शेत वाचलं, हे कोणी विचारल्याचं काही माझ्या आठवणीत नाही.

1972 चा वन्यजीव कायदा आला तरी काही वर्षं परवाना काढून शिकार करता येत होती. 1991 च्या दुरुस्तीने तो मार्ग बंद झाला. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला परवानगीने मारण्याची सोय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी 2015 मध्ये शासन निर्णयही निघाला. मात्र त्याच कायद्याचं कलम 39 सांगतं, की अशा परवानगीने मारलेला प्राणी सरकारच्या मालकीचा. म्हणजे मटण नाही, वाटे नाहीत, पंचनामा करून मोकळं व्हायचं. मला हे कलम फार आवडतं. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं देव जाणे, पण माणसाचा हेतू पारखायला याहून सोपी युक्ती नाही. उद्या वाडीत सांगून बघ, की डुक्कर मारायचा आणि वनखात्याच्या ताब्यात द्यायचा. किती हाकारे जमतात ते मला कळव.

शिकारीतला आनंद पाप आहे, असं मी म्हणत नाही. माग काढणं, वारा ओळखणं, डास चावत असताना तासन्‌तास न हलता बसणं, हे एरवी आपण कशासाठी करतो? सलीम अलींचा पक्ष्यांचा नाद लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाला, आणि पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले. शिकारीची आवड त्यांनी आत्मचरित्रात लपवलेली नाही. मला खटकतं ते आवडीला गरजेचं नाव देणं. परवान्यावर शेती आणि मनात पारध, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. आबाही त्यातलेच, त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी.

फोनवर तू म्हणालास, "काका, तुमका थंय बसान काय कळतला?" बरोबर आहे. माझ्या बाल्कनीत डुक्कर येत नाही. पण काशिमिऱ्याच्या पुढे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, खाडीकडचा नागला भागही त्यातलाच. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं, की तो शंभराहून जास्त किलोमीटर चालून, खाडी ओलांडून या नागल्यात आला. त्याचं नाव आजोबा, त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. वाटेत त्याने कुणाला इजा केली नाही. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. चालवणारा कोण, कुठे निघाला होता, कोणाला माहीत नाही. तेव्हा शहर निर्दोष आहे, असं मी मुळीच समजत नाही. फरक एवढाच, की त्या गाडीवाल्याला 'का मारलंस' हे विचारायला तो सापडत नाही. बंदूक धरणारा सापडतो, आणि तो माझा पुतण्या आहे, म्हणून त्याला विचारतोय.

फाशाचा विचार मात्र डोक्यातून काढ. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या आपल्याच कोकणातल्या असतात. आणि नासाडी झाली की भरपाईचा अर्ज करत जा. तू तो कधी केला नाहीस, असं वहिनी म्हणाल्या.

ना हरकत पत्र तयार करून ठेवलंय. नुसत्या शेतासाठी बंदूक हवी असेल तर तसं दोन ओळींत लिही, त्याच दिवशी सही करून पाठवतो. पारधीसाठी हवी असेल तर तेही लिही. मग सही मिळणार नाही, पण खरं बोललास म्हणून राग धरणार नाही. उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू विषय बदलतोस.

तुझा,
काका