खिळ्यावरची वही

नळ सोडणाऱ्या माणसाची आठवण पाणी आलं नाही तरच होते, तीही शिव्यांसकट. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या चावीवाल्या मामांची मला मात्र वेगळ्या कारणाने आठवण येते. पाणी त्यांनी सगळ्या गावाला दिलं. मला पाण्याचा हिशेब वाचायला शिकवलं.

आमचं गाव पंचगंगेच्या खालच्या अंगाला. प्रयाग चिखलीहून निघालेली नदी कोल्हापूर, इचलकरंजी करत आमच्याकडे येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत तिच्यात काय काय मिसळतं, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मामा ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. बादलीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवायची, अर्धा तास तशीच ठेवायची आणि चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. हजार लिटरला पाच ग्रॅम. घाईने गढूळ ओतलेलं त्यांना खपायचं नाही. मग पाणी सुटलं की गावाच्या शेवटच्या नळावर जायचं, काचेच्या नळीत पाणी धरायचं आणि क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की औषध तिथवर पोचलं.

रंग आला नाही तर मामा वहीत तसंच लिहीत. ही वही कपाटात नसे. पंचायतीच्या सोप्यात खिळ्याला सुतळीने टांगलेली असे. तारीख, नळ कुणाच्या दारचा, रंग आला की नाही. "कशाला चारचौघांत ठेवता?" असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं : "वाचू देत की लोकांस्नी. पानी त्यांच्याच पोटात जानार हाय न्हवं?"

2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ. माणसं दगावली. माझी आक्का तिथेच दिलेली. तीही आजारी पडली, सुदैवाने बरी झाली. तिच्या उशाशी बसल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता : या गल्लीतल्या नळाची वही कुठे टांगलीय?

आज तशी वही आहे, निदान खेड्यांसाठी. जलजीवन मिशनचं पाण्याच्या गुणवत्तेचं डब्ल्यूक्यूएमआयएस पोर्टल 2021 मध्ये सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं उतरत गेलं की किती नमुने तपासले, किती दूषित निघाले, हे मोबाईलवर दिसतं. गावातल्या बायकांना तपासणी किट देऊन शिकवलं जातं, त्यांच्या नोंदीही त्यात येतात. भारतीय मानकानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही चालत नाही. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच.

पण पोर्टल वाचायचं कसं, ते मला मामांच्या वहीनेच शिकवलं. 'दूषित नमुने शून्य' दिसलं की मी आधी शेजारचा रकाना बघतो : मुळात तपासले किती? तिथंही शून्य असेल, तर त्या पहिल्या शून्याला काडीची किंमत नाही. तारीख पावसाळ्याआधीची असेल, तर ती ऑगस्टमध्ये काय कामाची? 2019 च्या महापुरात आमची विहीर बुडाली होती. पूर ओसरल्यावर मामांनी शेवटच्या नळाला पिवळा रंग दिसेपर्यंत 'पानी उकळूनच प्या' असं घरोघर फिरून सांगितलं. त्या दिवसांतल्या वहीच्या पानांवर 'रंग नाही' हेच शब्द ओळीने आहेत. इतकी खरी पानं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

कोल्हापुरात राहायला आल्यापासून ऐकतो, की 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली, आता धरणाचं पाणी, काळजी कसली! धरणाचं पाणी चांगलं असेलही. पण पन्नासहून जास्त किलोमीटर आल्यावर ते शहरातल्या टाक्यांत आणि गल्लीबोळातल्या जुन्या नळांत शिरतं. मामा धरणावर कधीच ओटी टेस्ट करायला गेले नसते. ते शेवटच्या नळावरच गेले असते.

मामा आता थकलेत, चावी दुसऱ्याकडे गेलीय. त्यांचं देणं फेडायचं तर एवढंच सुचतं. तुमचं गाव पोर्टलवर शोधा, नमुन्यांची तारीख बघा, ग्रामसभेत विचारा. शहरात असाल तर तुमच्या गल्लीतल्या नळाची तपासणी कधी झाली आणि काय निघालं, याची मागणी लेखी करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अशी माहिती न मागताही लोकांपुढे ठेवायची असते. हा कायदा 2005 पासून लागू आहे.