कोऽहम्?

मूल जन्मतःच 'कोऽहम्' म्हणून टाहो फोडतें, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि बहुतेकांचें आयुष्य त्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर न मिळतांच सरतें. या प्रश्नाला संगणकाची आज्ञावली मात्र क्षणार्धांत उत्तर देते, हें मीं प्रथम पाहिलें तेव्हां मला नवल तर वाटलेंच, पण थोडा हेवाहि वाटला.

ज्या भाषेंत मीं हें पाहिलें तिचें नांव पायथन. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनीं १९८९ सालच्या अखेरीस ती रचावयास घेतली आणि १९९१ सालीं ती प्रथम लोकांपुढें आली. या भाषेंत आंकडा ही वस्तु, शब्द ही वस्तु, काम करणारें फंक्शन हीहि वस्तु. इतकेंच काय, ज्या साच्यांतून वस्तू घडतात तो 'क्लास'देखील एक वस्तुच. आणि वस्तु म्हटली कीं तिला प्रश्न विचारतां येतात. 'टाइप' म्हणून विचारावें, ती आपलें कूळ सांगते. 'डिर' म्हणावें, अंगच्या गुणांची यादी पुढें ठेवते. साच्याला पूर्वज विचारले तर 'ऑब्जेक्ट' या मूळपुरुषापर्यंतची वंशावळ तो त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाप्रमाणें घडाघडा वाचून दाखवितो. फंक्शनला कोणतीं मूल्यें लागतात आणि तीं न दिल्यास कोणतीं गृहीत धरावयाचीं, हें 'इन्स्पेक्ट' नांवाच्या साधनानें कळतें. चालत्या आज्ञावलीनें असें स्वतःकडे वळून पाहण्याला 'रिफ्लेक्शन' म्हणतात. ब्रायन कँटवेल स्मिथ यांनीं १९८२ सालीं एम्. आय्. टी.मधील आपल्या प्रबंधांत या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली.

या भाषेंत खाजगी असें फारसें कांहीं राहत नाहीं. नांवाच्या आधीं दोन अधोरेषा ओढल्या, तर भाषा त्या नांवाला साच्याचें नांव चिकटविते, एवढेंच. यादींत तें दिसतेंच. माजघराच्या दाराला पडदा असतो, कुलूप नसतें, तसाच हा प्रकार. आंत शिरावें कीं न शिरावें, हें ज्याच्या त्याच्या सभ्यतेवर सोडलेलें आहे.

मला ही विद्या निकडीपोटीं शिकावी लागली. एका संस्थेच्या निवृत्त नोकरांच्या पेन्शनचा हिशेब करणारी जुनी आज्ञावली माझ्या हातीं आली. ती लिहिणारे गृहस्थ हयात नव्हते आणि त्यांचें एकहि टिपण मागें राहिलें नव्हतें. तेव्हां मी आज्ञावलीलाच प्रश्न विचारूं लागलों. तिनेंहि कांहीं हातचें राखलें नाहीं. साचे, त्यांचे पूर्वज, फंक्शनें, सारें सांगितलें. एका फंक्शनपाशीं मात्र मी अडलों. त्यांत एका अक्षराच्या नांवाचें एक मूल्य होतें, आणि न दिल्यास तें १५ धरावें असें लिहिलें होतें. पंधरा कशाचे? आणि पंधराच कां? फंक्शनविषयीं लेखकानें कांहीं लिहून ठेवलें असल्यास तें सांगण्याचीहि या भाषेंत सोय आहे. तें विचारतांच उत्तर आलें, 'नन', म्हणजे कांहीं नाहीं.

अखेर त्याच कचेरींतल्या एका वृद्ध निवृत्त कारकुनांकडे गेलों. ते हंसले. "अहो, तीं वर्षें! ज्यानें पेन्शनचा कांहीं भाग विकून एकरकमी पैसे घेतले, त्याचें दरमहाचें पेन्शन तेवढें कमी होतें. पंधरा वर्षांनीं तें पुनः पुरें करावयाचें." केंद्र सरकारच्या निवृत्त नोकरांना हा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ सालच्या निर्णयानें मिळाला होता, आणि त्याच धर्तीवर त्या संस्थेनें आपला नियम केला होता. तो आंकडा निरर्थक समजून कोणी पुसून टाकला असता, तर कित्येक वृद्धांचें पेन्शन मरेपर्यंत कापलेलेंच राहिलें असतें. आणि आज्ञावलीनें तेव्हांहि आपली यादी तितक्याच निर्विकारपणें वाचून दाखविली असती.

माझा हेवा तेथेंच ओसरला. आपल्यापाशीं काय आहे, हें आज्ञावली सांगते; तें कां आहे, हें तिला ठाऊक नसतें. शिवाय ती यादीहि पुरी असतेच असें नाहीं. यादींत नसलेलें कांहीं मागितल्यास ऐन वेळीं उत्तर घडवून देण्याची सोय एखाद्या वस्तूंत केलेली असते. तें उत्तर प्रसंग आल्यावांचून दिसत नाहीं. माणसांतहि अशीं माणसें असतातच. घरीं पाहुण्यांपुढें ज्यांचे गुण कोणीं कधीं मोजून दाखविले नाहींत, तींच घरावर संकट आलें कीं सर्वांच्या आधीं उभीं राहतात.

पायथनमध्यें फंक्शनच्या आरंभींच अवतरणचिन्हांत मजकूर लिहिला, तर तो त्या फंक्शनपाशीं कायमचा राहतो आणि विचारणाराला मिळतो. कारकुनांनीं जें सांगितलें तें मीं त्या फंक्शनच्या माथ्यावर तीन ओळींत लिहून ठेवलें आहे. पुढें जो कोणी विचारील, त्याला 'नन' असें उत्तर मिळणार नाहीं.